प्लिनीची बाटली उघडण्याआधी

डबल आयपीए जातीची बिअर पहिल्यांदा तोंडाला लावणारा आपल्याकडचा माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक घोट घेऊन तोंड वाकडं करतो आणि ग्लास शेजाऱ्याकडे सरकवतो. नाहीतर पैसे मोजलेत म्हणून उरलेली गटागटा संपवतो. दोन्ही प्रकारांत त्या बिअरची चव घ्यायची राहूनच जाते. यात जिभेचा दोष कमी आणि सवयीचा जास्त. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणजे लवकर चढणारी. साडेसहाशे मिलिलिटरची बाटली, दात शिवशिवतील इतकी थंड, सोबत मसाला शेंगदाणे आणि पहिला ग्लास बघता बघता रिकामा. त्या बिअरला ही पद्धत शोभते. तिच्यात बऱ्याचदा तांदूळ, मका किंवा साखर वापरून अल्कोहोल वाढवलेलं असतं आणि कडक थंडीमुळे तिचा गोडसर उग्रपणा फारसा जाणवत नाही. हॉप्सने ठासून भरलेली, तेवढ्याच ताकदीची बिअर मात्र याच पद्धतीने प्यायली तर नुसती कडू लागते, आणि मग लोक विचारतात, यात एवढं काय आहे?

बोलणं हवेत राहू नये म्हणून उदाहरणाला एकच बिअर घेऊ. उत्तर कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुइंग कंपनीची ‘प्लिनी द एल्डर’: अल्कोहोल आठ टक्के, हिरवं लेबल, ५१० मिलिलिटरची बाटली. भारतात ती विकली जात नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास मराठी घरं एवढी आहेत, की मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला गेलेल्या आईवडिलांपुढे मुलगा किंवा जावई कधी ना कधी ही बाटली कौतुकाने ठेवतोच. त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि पुण्या-मुंबईच्या ब्रुअरीत बसून आयपीए मागवणाऱ्यांसाठीही. रीत दोन्हीकडे एकच.

नाव आणि घराणं

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया असल्यामुळे आपल्याला उगाच आपुलकी वाटते, तेव्हा ते प्रकरण आधी निकालात काढू. अठराव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे येणाऱ्या जहाजांवर जास्त हॉप्स घातलेली फिकट रंगाची बिअर असायची. हॉप्समुळे ती लांबच्या समुद्रप्रवासात बिघडत नसे. लंडनच्या पूर्वेला बो या ठिकाणी असलेल्या हॉजसनच्या ब्रुअरीची या व्यापारावर मोठी पकड होती. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रुअरांनी ती सैल केली. मात्र हॉजसनने खास भारतासाठी ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट दंतकथाच समजा. तशी फिकट बिअर आधीपासून होती, आणि गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टरही समुद्रमार्गे येतच होती. गंमत म्हणजे ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द सापडतात ते १८२९ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीत.

आज क्राफ्ट बिअरच्या दुकानात मिळणारी आयपीए मात्र बरीचशी अमेरिकन घराण्याची. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅस्केड नावाचं हॉप्सचं वाण लागवडीला खुलं झालं. १९८० मध्ये चिको शहरातल्या सिएरा नेवाडाने त्या वाणावर आपली पेल एल काढली, आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालीचा वास असलेली बिअर लोकांच्या अंगवळणी पडली. १९९४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी ब्लाइंड पिग नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली. तिथला तरुण ब्रुअर विनी सिलर्झो याच्याकडची यंत्रसामग्री जुनाट होती. पहिल्याच घाण्यात काही खोट निघाली तर ती झाकली जावी म्हणून त्याने हॉप्स दुप्पट केले आणि माल्टही, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्यही, वाढवलं. डबल आयपीएची सुरुवात अशी झाल्याचं तो स्वतःच सांगत आला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. चाखताना तिचा उपयोग आहे.

पुढे सिलर्झो रशियन रिव्हरमध्ये आला. २००० मध्ये हेवर्डच्या ‘द बिस्ट्रो’ या पबने फक्त डबल आयपीएंचा मेळा भरवला, त्यासाठी त्याने प्लिनी बनवली. २००४ मध्ये तो आणि त्याची पत्नी नॅटली यांनी सांता रोझा शहरात स्वतःचा पब थाटला. २००९ ते २०१६ अशी सलग आठ वर्षं ‘झायमर्जी’ या घरी बिअर बनवणाऱ्यांच्या मासिकाच्या वाचकांनी प्लिनीला अमेरिकेतली सर्वोत्तम बिअर ठरवलं. नाव रोमन पंडित थोरल्या प्लिनीचं. हा इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथात हॉप्सचा उल्लेख आहे असं मानतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. धाकट्या प्लिनीच्या नावाची, सव्वादहा टक्क्यांची ट्रिपल आयपीएही आहे. ती वर्षातून मोजके दिवस मिळते आणि तिच्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. माझं मत विचाराल तर रांगेत उभं राहू नका, थोरलाच बरा.

कडू वेगळं, सुवास वेगळा

हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी झाडाला लागणारी हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची बोंडं. वेल भांगेच्या कुळातली, पण गांजातला नशा आणणारा घटक तिच्यात नाही. अमेरिकेत हिचं मोठं पीक वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात निघतं. भारतात हिमाचलच्या लाहौल भागात थोडी लागवड होते. महाराष्ट्रात उन्हाळ्यातला दिवस तिला हवा तेवढा लांब नसतो, त्यामुळे आपल्याकडे ती नीट येत नाही.

बोंड चुरगाळलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड दिसते. खरा माल तोच. त्या पुडीत राळेसारखी आम्लं असतात आणि सुगंधी तेलं असतात, आणि दोघांचा स्वभाव एकमेकांच्या उलट. आम्लं तासभर उकळली की त्यांचं रूप बदलून ती कडू होतात आणि बिअरमध्ये विरघळतात. तेलं तेवढाच वेळ उकळली तर वाफेबरोबर उडून जातात. म्हणून ब्रुअर थोडे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकतो, थोडे आच बंद करताना, आणि बाकीचे यीस्टचं काम जवळजवळ आटोपल्यावर बिअरमध्ये नुसते भिजत घालतो. या शेवटच्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात. प्लिनीत सिमको, अमरिलो, सेंटेनियल आणि सीटीझेड हे हॉप्स असतात, आणि ड्राय हॉपिंग एकापेक्षा जास्त वेळा होतं. शिवाय थोडी मक्याची साखर पडते. ती गोडव्यासाठी नसते. यीस्ट ती साखर पूर्ण खाऊन टाकतं, त्यामुळे अल्कोहोल वाढूनही बिअर अंगाने हलकी आणि कोरडी राहते.

कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. हे एकक ढोबळमानाने लिटरमागे कडू द्रव्याचे मिलिग्रॅम सांगतं. साध्या लागरमध्ये दहा ते वीसच्या आसपास, सिएरा नेवाडाच्या पेल एलमध्ये ३८, डबल आयपीएत साठापासून शंभरापर्यंत. या आकड्याला फार मान देऊ नका. माल्टचा गोडवा जास्त असलेली साठ आयबीयूची बिअर मवाळ लागू शकते आणि पातळ अंगाची चाळीसची बिअर घसा धरू शकते. कडू किती जाणवतं हे माणसागणिकही बदलतं, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. त्यामुळे ‘तुला काय कळतंय’ अशी टिंगल करणाऱ्या मंडळींकडे खुशाल दुर्लक्ष करा.

विकत घेताना

प्लिनीच्या बाटलीवर ती थंड ठेवा, ताजी प्या आणि साठवू नका अशी ताकीद छापलेली असते, भरल्याची तारीखही असते. व्हिस्की किंवा वाइनच्या सवयीने आपण चांगली बाटली दिवाळीसाठी, वाढदिवसासाठी राखून ठेवतो. इथे ते चालत नाही. हॉप्सची तेलं नाजूक असतात. थोडासा ऑक्सिजन आणि खोलीचं तापमान मिळालं की काही आठवड्यांत सुवास मंदावतो. मागे उरतो तो कडूपणा, आणि माल्टचा काकवीकडे झुकणारा गोडवा. महिन्याच्या आतली बाटली मिळाली तर उत्तम. दोन महिने चालतील. तीन महिने उलटलेली, तीही बिनफ्रीजच्या फळीवरची, घेऊ नका. नाव कितीही मोठं असो.

फळीवर ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली टाळा. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यापासून गंधकयुक्त वासाचं एक द्रव्य तयार होतं. अमेरिकेत त्या वासाला स्कंक या प्राण्याचं नाव देतात, कारण त्याच्या फवाऱ्यातल्या द्रव्याशी त्याचं जवळचं नातं आहे. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारच कमी. कॅन सगळाच अडवतो. कॅनमधली बिअर हलक्या प्रतीची ही समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही. व्हरमाँटची प्रसिद्ध ‘हेडी टॉपर’ ही आठ टक्क्यांची गढूळ डबल आयपीए २०११ पासून कॅनमध्येच येते.

शक्य असेल तर त्याच फेरीत सिएरा नेवाडाची साधी पेल एलही उचला. अमेरिकेतल्या बहुतेक सुपरमार्केटमध्ये ती असते. डबल आयपीएची ताकद कळायला शेजारी एकपट काहीतरी हवं. आणि पासपोर्ट जवळ ठेवा. तिकडे दारूसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि डोक्यावरचे सगळे केस पांढरे असले तरी गल्ल्यावरची मुलगी ओळखपत्र मागू शकते. राग मानू नये.

ग्लास, थंडी, ओतणं

स्टीलचा पेला नको, प्लास्टिकचा नको, फ्रीजरमध्ये ठेवलेला मग तर नकोच. वर थोडा निमुळता होणारा काचेचा ग्लास घ्या, म्हणजे वास आत कोंडून राहतो. आयपीएसाठी वेगळे ग्लास निघाले आहेत, पण घरातला वाइनचा ग्लास तितकंच चांगलं काम करतो. तो तेलकट नसावा. आपल्या घरांत भांडी एकाच घासणीने घासली जातात आणि फोडणीच्या तेलाचा पातळ थर काचेवर राहतो. फेस त्याने बसतो. स्वच्छ स्पंजने घासून भरपूर पाण्याने खंगाळा, लिंबाच्या वासाचा साबण मागे राहू देऊ नका आणि ग्लास फडक्याने न पुसता उपडा ठेवून वाळवा. ओतल्यावर काचेला आतून एकाच जागी बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही असं समजा.

फ्रीजमधून काढलेली बिअर चार अंशांच्या आसपास असते. प्लिनीला आठ ते बारा अंश हवेत. कॅलिफोर्नियाच्या गार संध्याकाळी बाटली दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवावी लागते, मुंबईच्या मे महिन्यात पाच मिनिटंही खूप झाली. घाई असेल तर थंडच ओता आणि ग्लास तळव्यांत धरून बसा. उलट थंडी वाढत जाणं मात्र कामाचं नाही, म्हणून बर्फ नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण बर्फ मागणारे आहेत.

ग्लास तिरका धरून अर्ध्याच्या वर ओता, मग सरळ करून मध्यभागी धार सोडा. दोन बोटं फेस हवा. फेस पाहून ‘कमी भरलं’ म्हणणाऱ्याला सांगा की सुवासाची तेलं फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबरच वर येतात. प्लिनी स्वच्छ, सोनेरी असते. हेडी टॉपरच्या घराण्यातल्या आयपीए गढूळ, आंब्याच्या पन्ह्याच्या रंगाच्या असतात आणि तो दोष नसतो. गढूळ आयपीए करडी किंवा तपकिरीकडे झुकली असेल, तर मात्र तिला हवा लागली आहे.

नाक आधी

आता पिऊ नका. हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि डबल आयपीएच्या पैशाची निम्मी वसुली इथे असते.

ग्लास हलका फिरवा, वर तळहात झाका, तळहात काढून दोन-तीन छोटे हुंगे घ्या. एक लांब श्वास घेऊन उपयोग नाही. नाक लगेच सरावतं. थोडं थांबून पुन्हा. या बिअरबद्दल इंग्रजीत लिहिणारे पाइनचं झाड आणि ग्रेपफ्रूट या दोनच गोष्टी सांगतात. ज्याने हिमालय पाहिला नाही आणि ग्रेपफ्रूट खाल्लं नाही त्याने काय करायचं? आपल्या घरात शोधायचं. ग्रेपफ्रूटचा एक पूर्वज म्हणजे पपनस. कोकणात गणपतीच्या दिवसांत ते सोलताना सालीतून जो कडसर तुषार उडतो, तो या बिअरमध्ये सापडेल. पाइनच्या जागी राळ किंवा धूप आठवा.

आणि हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. हॉप्सच्या तेलात मायर्सीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. तेच गवती चहात असतं आणि आंब्यातही. लिनालूल हा हॉप्समधला फुलांचा सुवास, आणि धण्याच्या तेलाचा तो मुख्य घटक. जिरॅनिऑल गुलाबात असतं, रोशा गवतात असतं. कॅरिओफिलीन मिऱ्यात आणि लवंगेत. म्हणजे मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला या बिअरमधलं बरंच काही आधीपासून ठाऊक आहे, फक्त दारूच्या ग्लासात ते शोधायची सवय नाही. पहिल्यांदा चाखताना टेबलावर वाटीत थोडे भरडलेले धणे, गवती चहाचं एक पातं, संत्र्याची किंवा पपनसाची साल आणि दोन मिरी ठेवा. एकदा वाटी हुंगा, एकदा ग्लास. पाहुणे हसतील, पण पाच मिनिटांत तेच वाटी मागतील.

जे सापडेल ते कागदावर लिहून काढा, मराठीतच, आणि दुसऱ्याचं ऐकण्याआधी. टेबलावर एकाने ‘आंबा’ म्हटलं की सगळ्यांना आंबाच येतो.

घोट

पहिला घोट लहान घ्या आणि त्यावर मत बनवू नका. तो जिभेला तयार करण्यापुरता असतो. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवून गिळा आणि गिळताना नाकावाटे हळूच श्वास सोडा. तोंडातून नाकाकडे जाणारा हा वास बाहेरून हुंगलेल्या वासापेक्षा वेगळा असतो. मघाशी फळ होतं तिथे आता राळ पुढे येते. बिअरचे परीक्षक वाइनवाल्यांसारखे थुंकत नाहीत, छोटा घोट गिळतात. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा शाळेतल्या पुस्तकातला नकाशा खरा नाही, सगळ्या चवी जवळपास सगळीकडे कळतात. पण हॉप्सचा कडूपणा उशिरा येतो आणि घोट गेल्यावर घशाशी रेंगाळतो, एवढं खरं.

त्या रेंगाळण्याकडे नीट लक्ष द्या, कारण बिअरची परीक्षा तिथेच आहे. चांगल्या डबल आयपीएत कडूपणा चढतो, थोडा थांबतो आणि स्वच्छ उतरतो. तोंड कोरडं होतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. वाईट बिअरमध्ये तो जिभेच्या मुळाशी ॲस्पिरिनची गोळी विरघळल्यासारखा चिकटून बसतो. हॉप्सचा पाला फार काळ भिजला तर चहाच्या चोथ्यासारखी तुरटी येते. अल्कोहोलही पाहा. आठ टक्के असूनही प्लिनीत ते छातीत हलक्या उबेपलीकडे जाणवू नये. नखांचं पॉलिश काढायच्या द्रवाचा वास आला तर यीस्टला फार उष्णता सोसावी लागली असणार.

मग टेमेक्युलाची गोष्ट आठवा. हॉप्स खोट झाकतात, म्हणून हॉप्सच्या पलीकडे हुंगायला शिकावं लागतं. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे यीस्टला काम पूर्ण करू दिलं नाही. उकडलेल्या मक्याचा वास माल्टच्या उकळीतली कसर सांगतो. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर हॉप्सच जुने. ओला पुठ्ठा किंवा शिळा मध ही हवेची करणी, आणि ती कितीही हॉप्स घातले तरी झाकत नाही. असं काही आढळलं तर ब्रुअरीत सभ्यपणे सांगा. चांगला ब्रुअर ग्लास बदलून देतो आणि टाकीकडे पळतो.

घोटांमध्ये साधं पाणी आणि कोरड्या पावाचा तुकडा. दोन-तीन बिअर असतील तर क्रम सौम्यापासून: आधी लागर, मग पेल एल, शेवटी प्लिनी. उलट केलंत तर लागर पाण्यासारखी लागेल आणि तुम्ही तिला उगाच नावं ठेवाल. अर्धा ग्लास संपल्यावर पुन्हा हुंगा. बिअर एव्हाना बारा अंशांवर गेलेली असते आणि थंडीत दबलेली बाजू उघडते. सिमकोची राळ माझ्या मते इथेच खरी कळते.

सोबत काय

मिसळ, ठेचा, तिखट कोल्हापुरी सुकं हे प्लिनीबरोबर घेऊ नका. कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात, आणि मग जेवण संपेपर्यंत बिअर केवळ आग विझवायला वापरली जाते, तीही न विझवता. तळलेलं मात्र छान जमतं. कांदाभजी, रव्यातली सुरमई, कुरकुरीत बोंबील: कडूपणा आणि बुडबुडे तेल कापतात. बांगड्यासारख्या तेलकट माशाशी तिचं जमत नाही, तोंडात धातूसारखी चव येते. अमेरिकेत असाल तर जुनं, चुरचुरीत चेडर. गोडात तिकडचे लोक डबल आयपीएबरोबर गाजराचा केक खातात. मला त्यापेक्षा गाजरहलवा पटतो, वेलदोडा घातलेला, आणि साखर न चोरलेला. मसाला शेंगदाणे दुसऱ्या बिअरसाठी ठेवा.

किती

प्लिनीच्या एका बाटलीत जवळपास ४१ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे तीन पेग आणि वर थोडं. ‘बिअरच तर आहे’ म्हणून एकट्याने बाटली संपवली तर तीन पेग झाले. चाखण्यासाठी एक बाटली तिघा-चौघांत पुरते. पेल्याला १३० ते १७० मिलिलिटर आले की जीभही ताजी राहते; त्यानंतर कडूपणाने जीभ थकते आणि पुढचं पिणं नुसतं पिणं होतं.

चाखून गाडी चालवायची नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी मद्याने साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा. जावयाला वाईट वाटेल म्हणून घोट घेऊ नका. आणि जो पीतच नाही, त्याने या लेखासाठी सुरुवात करायचं काही कारण नाही. वाटीतले धणे आणि पपनसाची साल त्यालाही हुंगता येईल.

परत येताना

येताना दोन-चार बाटल्या बॅगेत घालून आणाव्यात असं हमखास वाटतं. भारतात येताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. प्लिनीच्या चार बाटल्या म्हणजे २.०४ लिटर, तेव्हा नियमात तीनच बसतात. पण मुद्दा नियमाचा नाही. विमानतळावरची, टॅक्सीतली आणि मग आपल्या बैठकीतली उष्णता खाऊन ती बाटली मित्रमंडळी जमेपर्यंत महिना-दोन महिने पडून राहते, आणि ज्या सुवासासाठी आणली तो तोवर गेलेला असतो. मित्रांना मग कडू पाणी पाजून तिची थोरवी सांगत बसावं लागतं.

प्लिनी तिथेच प्या. इकडे आल्यावर जवळच्या ब्रुअरीत जा. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा बऱ्याच झाल्या. आपल्याकडच्या नियमांनुसार बिअर आठ टक्क्यांपर्यंतच असू शकते, त्यामुळे डबल आयपीए क्वचित दिसेल, साधी आयपीए बहुतेक ठिकाणी असेल. बसल्यावर वेटरला एकच प्रश्न विचारा: टॅपवरची आयपीए कधी भरली? उत्तर दोन-तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर छोटा ग्लास मागवा, नसेल तर त्या दिवशी दुसरं काही घ्या.